सुईदोऱ्याचें मोल

दिवाळी जवळ आली कीं आमच्या पेठा भेटवस्तूंनीं भरून जातात. मेव्याच्या पेट्या, कांचेचे प्याले, यंत्रांतून निघालेले रुमाल यांची देवघेव व्यापारी व गिऱ्हाईक, वरिष्ठ व कनिष्ठ, सोयरे व शेजारी यांच्यांत सुरू होते. आणि यांपैकीं कित्येक पेट्या न उघडतांच एका घरून दुसऱ्या घरीं फिरत राहतात, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. त्याच सुमारास घराच्या एका कोपऱ्यांत कोणी आजी येणाऱ्या नातवंडासाठीं दुपटें शिवीत असते, कोणी बहीण भाऊबिजेकरितां लोकरीची कानटोपी विणीत असते. या दुसऱ्या प्रकारच्या भेटीविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. तिची नुसती स्तुति करावी असा आमचा हेतु नाहीं. स्तुति पुष्कळ झाली आहे. त्या भेटीस लागणाऱ्या श्रमांचा हिशेब आपण कधींच मांडीत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

प्रथम हें काम काय असतें तें पाहूं. गोधडीसाठीं जुनीं सुती लुगडीं व धोतरें घेतात, तीं केवळ काटकसरीसाठीं नव्हे. वर्षानुवर्षें धुवून तें कापड इतकें मऊ झालेलें असतें कीं तान्ह्या मुलाच्या अंगास त्याहून चांगलें कांहीं सांपडत नाहीं. त्याचे थर सुरकुती न राहील अशा बेतानें एकावर एक अंथरावयाचे, आणि मग धांवदोऱ्याच्या ओळीमागून ओळ घालीत सर्व थर एकजीव करावयाचे. ओळी विरळ पडल्या तर पहिल्याच धुण्यांत आंतील थर गोळा होतात, म्हणून हात आंखडतां येत नाहीं. बाळाचें डोकें व पाठ झांकणारी खणाची कुंची, संक्रांतीच्या बोरन्हाणासाठीं काळें झबलें, दारावरचें क्रोशाचें तोरण, या प्रत्येकाची रीत निराळी. लोकरीच्या विणकामांत तर सुलट-उलट टांक्यांचा हिशेब सारखा मनांत ठेवावा लागतो. एक टांका सुईवरून निसटला व वेळीं ध्यानांत आला नाहीं, तर संध्याकाळभराचें काम उसवून पुनः आरंभ करावा लागतो. गोधडी आमच्याकडे फार जुनी. लोकरीचें व क्रोशाचें विणकाम मात्र एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांच्या व इतर मुलींच्या शाळांच्या द्वारें आमच्या घरांत शिरलें. परंतु जुनें असो वा नवें, या सर्वांस आपण एकच नांव देतों : ‘बायकांची हौस’.

आतां आमचा प्रश्न असा. तीच सुई व तोच दोरा पेठेंतील शिंप्याच्या हातीं गेला म्हणजे तो धंदा होतो. शिंपीदादा शिलाई किती सांगतात तें आपण ऐकून घेतों, थोडी घासाघीस करितों, पण शिलाई द्यावयाचीच नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. मग घरांतील सुनेच्या किंवा शेजारच्या गरजू बाईच्या हातीं ती सुई आली, कीं त्याच कामाची हौस कशी होते?

याचें मूळ फार खोल आहे, व आम्ही वकिलीच्या धंद्यांतले असल्यामुळें तें कायद्याच्या इतिहासांत आम्हांस स्पष्ट दिसतें. स्त्रीधनाचा विचार करितांना कात्यायनानें असा भेद केला आहे, कीं स्त्रीस आप्तेष्टांकडून जें मिळतें तें तिचें स्त्रीधन. परंतु शिल्पानें, म्हणजे हातच्या कसबानें, ती जें मिळवील त्यावर पतीचें स्वामित्व. म्हणजे दुसऱ्यानें दिलेलें तें तिचें, आणि स्वतः कमाविलेलें तें मात्र तिचें नव्हे! पुढें इंग्रजी अमदानींत विवाहित स्त्रियांच्या मिळकतीचा १८७४ चा कायदा झाला. स्त्रीची मजुरी व तिच्या कलाकौशल्याची कमाई ही तिची स्वतंत्र मिळकत होय, असें त्यानें ठरविलें. पण त्याच कायद्यानें हिंदु, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांस वगळलें. ज्या देशासाठीं कायदा केला, त्या देशांतील बहुतेक स्त्रिया त्याच्या बाहेर! अखेर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानें, स्त्रीनें आपल्या कसबानें वा श्रमानें मिळविलेली मिळकत पूर्णपणें तिच्या मालकीची होय, असें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें. कायदा सुधारला. घरांतील व बाजारांतील वागणूक तितकी सुधारली आहे काय?

आमच्या सुधारकांनीं हें मर्म फार पूर्वींच ओळखिलें होतें. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढिलें व पुढें केडगांवीं मुक्ति सदन वाढविलें. रमाबाई रानडे व त्यांचे सहकारी यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन स्थापिलें. अशा संस्थांतून लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामही शिकविलें गेलें, तें मुलींनीं सासरीं रुमाल भरून वाहवा मिळवावी म्हणून नव्हे. निराधार स्त्रीनें कोणाच्या दयेवर न जगतां स्वतःच्या पायांवर उभें रहावें, हा त्यांतील हेतु होता. आपण त्यांतील शिवण तेवढी उचलली व मजुरी विसरलों.

यावर कोणी म्हणेल, ‘प्रेमाच्या वस्तूचें मोल पैशांत करावें हें तर शुद्ध वाणीपण झालें.’ हा आक्षेप पोकळ नाहीं. आईनें विणलेल्या स्वेटराची किंमत ठरवावी असें आम्हीही म्हणत नाहीं. परंतु दान तें, जें न देण्याची मोकळीक असूनही दिलें जातें. नणंदेच्या बाळंतविड्यासाठीं अमुक झबलीं, अमुक टोपरीं सुनेनें शिवलींच पाहिजेत असा हुकूम सुटला, कीं तिची भेट संपली व वेठ सुरू झाली. घरांत खरी भेट व्हावी अशी इच्छा असेल तर करणारीस दिवसाचे दोन तास मोकळे मिळूं द्या. तेवढा वेळ चुलीपाशीं दुसऱ्यानें उभें रहावें. आणि मुलांसही सुई धरण्यास शिकवा. ज्यानें एक ओळ धांवदोरा घातला आहे, तो गोधडीस कधीं ‘फुकटची’ म्हणणार नाहीं.

घराबाहेर मात्र हिशेब चोख असावा. समजा, एका लहान स्वेटरास रोज दोन तास याप्रमाणें पंधरा दिवस लागले. म्हणजे तीस तास झाले. तासास पन्नास रुपये इतकी बेताची मजुरी धरली तरी, लोकर वगळून, दीड हजार रुपये होतात. असा स्वेटर घेऊन एखादी बाई दारीं आली म्हणजे आपण यंत्राच्या स्वेटराचा भाव तिला ऐकवितों, व चारशांत सौदा करून वर बायकोस सांगतों कीं स्वस्तांत पडला. तो स्वस्तांत पडला नाहीं. तिच्या मजुरीपैकीं अकराशें रुपये आपण ठेवून घेतले, आणि लोकर तिनें पदरची घातली.

आमच्या व्यापारी वाचकांस म्हणूनच एक स्पष्ट विनंति आहे. दिवाळीस गिऱ्हाइकांना ज्या शेंदोनशें पेट्या आपण वांटतां, त्यांतील थोड्या तरी यंदां बाजूस ठेवा व त्यांऐवजीं हातच्या शिवणीचीं दुपटीं, खणाच्या पिशव्या, क्रोशाचीं तोरणें द्या. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून राज्यांत काम करीत आहे; बचतगट गांवोगांवीं आहेत; काम करणारे हात शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. परंतु मागणी श्रावणांतच नोंदवा, कारण हातास यंत्राचा वेग नसतो. निम्मी रक्कम आगाऊ द्या, कारण लोकर व दोरा तिला उधार मिळत नाहीं. आणि उरलेली रक्कम माल घेतांनाच चुकती करा. सुतगिरणीच्या हुंडीस एक दिवस उशीर झाला तर आपली पत जाते असें आपण मानतां. शिवणाऱ्या बाईचे पैसे तीन महिने थकले तर ती पत कशी शाबूत राहते, हें आम्हांस कळत नाहीं.

पाडव्यास नव्या वह्या उघडतील. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं जुन्या वहीवरून एकदां नजर फिरवावी व कोणा बाईची शिलाई बाकी असेल तर ती दिवा लावण्यापूर्वीं पोंचती करावी. ही भिक्षा नव्हे व उपकारही नव्हे. हें देणें आहे, आणि देणें ठेवून सण साजरा करणें सचोटीच्या पेढीस शोभत नाहीं.