नेमत आणि तिचा हिशेब

मगरिबची अजान होते आणि रोजेदार खजूर खाऊन पाण्याचा पहिला घोट घेतो. एरवी वर्षभर हेच पाणी आपण बोलता बोलता पितो, अर्धे पेल्यात तसेच ठेवून उठतो. दिवसभराच्या तहानेनंतर मात्र त्याची खरी चव कळते. रोजाचा उद्देश ‘तक्वा’ म्हणजे ईश्वराचे सतत भान राखणे हा आहे. त्याने दिलेले ओळखणे हा या भानाचाच भाग.

अल्लाहच्या देणगीला ‘नेमत’ म्हणतात. पाणी, धान्य, दृष्टी, आरोग्य, घरची माणसे या सगळ्या नेमतीच. कुरआनच्या ‘सूरह रहमान’मध्ये या देणग्यांची आठवण देणारा एकच प्रश्न ३१ वेळा येतो. इतक्या वेळा विचारावे लागते, कारण माणूस मिळालेले लवकर विसरतो आणि न मिळालेले मोजत बसतो.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) एकदा भुकेल्या अवस्थेत एका सोबत्याच्या घरी गेले. त्याने खजूर, थंड पाणी आणि जेवण पुढे ठेवले. पोटभर झाल्यावर प्रेषितांनी सोबतच्यांना सांगितले की, या नेमतींबद्दलही कयामतच्या दिवशी विचारणा होईल. म्हणजे नेमत मिळाली की तिच्यासोबत जबाबदारीही येते. ‘अलहम्दुलिल्लाह’ म्हणून ‘शुक्र’, म्हणजे कृतज्ञता, सुरू होते. ती पूर्ण होते हाताने केलेल्या कामातून.

मदिनेत ‘रूमा’ नावाची गोड्या पाण्याची विहीर होती आणि तिचे पाणी विकले जाई. हजरत उस्मान यांनी ती विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. त्यांना मिळालेली संपत्ती ही नेमत होती. गावाची तहान भागल्यावर तीच इतरांसाठी ‘रहमत’ झाली.

आपल्या मराठवाड्यातही याची साक्ष आहे. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले आणि जमिनीचा उतार साधून भूमिगत नहरीने शहरात पाणी आणले. पुढे अठराव्या शतकात इथेच पाणचक्की उभी राहिली. हर्सूलकडून नळांनी येणारे पाणी चक्की फिरवी आणि त्या पिठाच्या भाकरीवर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणारे फकीर, यात्रेकरू जेवत.

त्याच जिल्ह्यातील पैठणचे संत एकनाथ. रामेश्वरासाठी काशीहून आणलेले कावडीतले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही गोष्ट मराठी घराघरांत सांगितली जाते. हदीसमध्येही असाच एक वाटसरू भेटतो. तहानलेला कुत्रा पाहून तो पुन्हा विहिरीत उतरला, आपल्या मोज्यात पाणी भरून वर आला आणि त्याला पाजले. अल्लाहने त्याला माफ केले. दोन्ही गोष्टींत पाजणाऱ्याने तहान तेवढी पाहिली.

आज आपल्याकडे उन्हाळा लागला की गल्लीत टँकरची वाट पाहत हंडे-घागरींची रांग लागते. त्याच गल्लीत कुणाच्या बोअरला भरपूर पाणी असते. त्याने भिंतीबाहेर एक नळ काढला, तर रांगेतल्या बाईला तिचा धर्म सांगावा लागणार नाही. इफ्तारनंतर अर्धवट प्यालेल्या बाटल्यांचा ढीग पडू नये. वुजू करताना, म्हणजे नमाजपूर्वी हात-पाय-तोंड धुताना, नळ गरजेपुरताच सोडावा. नदीकाठी बसूनही पाणी वाया घालवू नये अशीच शिकवण आहे. ज्याच्याकडे बोअर नाही, त्याने शेजारच्या म्हाताऱ्या माणसाची एक घागर भरून द्यावी. ज्याला शिकता आले, त्याने एखाद्याचा अर्ज भरून द्यावा.

आपल्या वाट्याला काय आले, हे या महिन्यात शांतपणे मोजून पाहू या. मोजून झाल्यावर त्यातले शेजाऱ्याचे किती, तेही ठरवू या. अल्लाह आपल्याला नेमत ओळखण्याची आणि दुसऱ्यासाठी रहमत होण्याची बुद्धी देवो. आमीन.