कोपराला जोर चालत नाही

प्लास्टर निघालं आणि हात सरळ होत नाही असं दिसलं की घरात सगळेच उपाय सांगू लागतात. कुणी तेल गरम करतं, कुणी त्या हातात पाण्याची बादली धरायला सांगतं, कुणी मनगट धरून कोपर ताणूनच पाहतं. हेतू चांगला असतो, पण या मायेच्या जोराने सुधारत आलेला हात पुन्हा बिघडतो.

गैरसमज : आखडलेलं कोपर चोळून, ताणून मोकळं होतं.

वस्तुस्थिती : कोपरात दंडाचं एक आणि हाताची दोन अशी तीन हाडं एकाच आवरणात भेटतात. दुखापतीनंतर हे आवरण जाड होतं, आक्रसतं. म्हणूनच कोपर फार लवकर आखडतं. सांध्याच्या पुढच्या बाजूला स्नायू अगदी चिकटून असतो. जोराने ताणलं की त्याचे तंतू फाटतात, आत रक्त साकळतं आणि त्या जागी चक्क नवं हाड तयार होऊ शकतं. डॉक्टर याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मग जी हालचाल वाढवायची होती, तीच अडते.

कोपर मोकळं होतं ते रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूंनी. आपणच वाकवायचं, आपणच सरळ करायचं. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा. किंचित ताण जाणवणं ठीक. व्यायामाने सूज वाढली किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं, तर तो व्यायाम जास्त झाला. ‘दुखेल तेवढं चांगलं’ हा सल्ला कोपराला घातक आहे.

गैरसमज : प्लास्टर जितके दिवस, तितकं हाड पक्कं.

वस्तुस्थिती : मोठ्या माणसाचं कोपर तीन आठवड्यांहून जास्त जखडून ठेवलं की आखडण्याचा धोका बराच वाढतो. हाड न मोडता नुसता सांधा निखळला असेल, तर तो बसवल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांतच हालचाल सुरू करतात. मोडलेल्या हाडाला प्लेट बसवण्यामागेही लवकर हालचाल करता यावी हाच मोठा उद्देश असतो. हात झोळीत असतानाही बोटं आणि खांदा हलवत राहायचं.

गैरसमज : कामट्या लावून घट्ट बांधलं की झालं.

वस्तुस्थिती : इथे उशिराला माफी नाही. झाडावरून किंवा झोपाळ्यावरून पडलेल्या मुलांचं दंडाचं हाड बऱ्याचदा कोपराच्या जरा वर मोडतं. सूज भराभर चढते. त्यावर आवळून बांधलं की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच ते कायमचे निकामी होऊ लागतात. पंजा पक्ष्याच्या नखांसारखा वाकडा राहतो. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी याचं वर्णन 1881 मध्येच केलं होतं. मूल वेदनेने सतत रडत असेल, बोटं सरळ केल्यावर किंचाळत असेल, हात थंड, पांढरा किंवा बधिर वाटत असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. नाडी लागते आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

गैरसमज : हात पूर्ण सरळ झाला नाही, म्हणजे उपचार फसला.

वस्तुस्थिती : रोजची बहुतेक कामं 30 ते 130 अंशांच्या हालचालीत होतात. गंभीर दुखापतीनंतर शेवटचे काही अंश अनेकांना परत मिळत नाहीत, तरी हात कामाचा राहतो. सुधारणा सहा महिने ते वर्षभर चालू असते. मुलांचं कोपर तर बहुधा त्यांच्या खेळण्यातूनच मोकळं होतं. इतक्या काळानंतरही हात अडूनच राहिला, तर आवरण मोकळं करण्याची शस्त्रक्रिया करता येते.

‘आता खेळ संपला’ असं म्हणणाऱ्यांनी नीरज चोप्राकडे पाहावं. मे 2019 मध्ये मुंबईत त्याच्या उजव्या, म्हणजे भालाफेकीच्याच हाताच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची दोहाची जागतिक स्पर्धा हुकली. जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेत 87.86 मीटर भाला फेकून तो ऑलिंपिकला पात्र ठरला आणि 7 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत 87.58 मीटरवर सुवर्णपदक जिंकला. अर्थात त्याच्यामागे तज्ज्ञांचा ताफा होता आणि प्रत्येकाची दुखापत सारखी नसते.

करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील, तर कोपरामागून जाणारी नस दाबली जात असू शकते. तेही डॉक्टरांना सांगा. रुग्णालयातून निघताना एक प्रश्न नक्की विचारा : हात कोणत्या दिवसापासून आणि किती हलवायचा? आणि तो ओढून सरळ करून देतो म्हणणाऱ्याला, मग तो घरातला वडीलधारा असला तरी, स्पष्ट नाही म्हणा.