केंद्रीय निधीची मागणी आणि डोंगराची व्याख्या : महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला. ब्रिटिश राजवटीत, १९२८ साली बांधलेल्या या पुलाबरोबर राज्य परिवहन महामंडळाच्या दोन गाड्या व एक खासगी वाहन वाहून गेले आणि सुमारे चाळीस माणसे प्राणांस मुकली. त्याजागी उभारलेला नवा पूल ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. प्रत्यक्ष बांधकामास १६५ दिवस लागले, असे त्या वेळी सांगण्यात आले. शासकीय कामाची गती पाहता ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. त्यासाठी कोणा ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला नाही, की कोणा सरपंचाला दिल्लीची वाट धरावी लागली नाही. पूल राष्ट्रीय महामार्गावर होता. त्याची जबाबदारी मुळातच केंद्र शासनाची होती.

याच सावित्रीला आणि तिच्या उपनद्यांना मिळणाऱ्या ओढ्यांवर, पोलादपूर व महाड तालुक्यांच्या डोंगरकुशीत, कित्येक वाड्यांचे पावसाळ्यातील दळणवळण एखाद्या साकवावर अवलंबून असते. साकव वाहून गेला तर आजाऱ्यास डोलीतून, लांबच्या वाटेने, डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. हा साकव कोणत्याही केंद्रीय खात्याच्या यादीत नसतो. तो मागावा लागतो. मागणीचे अर्ज शेकड्यांनी होतात. बहुतेक अर्जांत गावाच्या हालअपेष्टांचे हृदयद्रावक वर्णन असते, खाली सह्यांचे रकाने असतात, आणि तरीही ते निष्फळ ठरतात. हे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. आपल्या भागातील महाविद्यालयीन अध्यापकांकडे अशा अर्जाचा मसुदा तपासून घेण्यासाठी ग्रामस्थ मंडळांचे कार्यकर्ते अनेकदा येतात. त्यामुळे हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा म्हणता येणार नाही.

निधीचे दोन प्रवाह

केंद्राचा पैसा खेड्यापर्यंत मुख्यतः दोन मार्गांनी येतो. पहिला मार्ग राज्यघटनेच्या अनुच्छेद २८० अन्वये नेमल्या जाणाऱ्या वित्त आयोगाचा. हा पैसा सूत्राने मिळतो. तो मागावा लागत नाही. दुसरा मार्ग योजनांचा. अनुच्छेद २८२ प्रमाणे संघराज्य कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देऊ शकते, आणि खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेसारखी तरतूद याच अनुच्छेदाच्या आधारे वैध असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. योजनेचा पैसा निकषांनी मिळतो. म्हणजे एका बाजूस सूत्र, दुसऱ्या बाजूस निकष. करुणेला किंवा वक्तृत्वाला दोन्हींत स्थान नाही, हे अर्जदाराने आधी लक्षात घ्यावे.

सूत्राचे उदाहरण पाहू. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना जे अनुदान शिफारसले, त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होती. उरलेली ४० टक्के अबंधित. संस्थांमध्ये वाटपासाठी लोकसंख्येला ९० टक्के व क्षेत्रफळाला १० टक्के भार सुचविला गेला. सपाटीवरील दाट वस्तीच्या गावास हे सूत्र सोयीचे आहे. पोलादपुरातील ग्रामपंचायतीची स्थिती नेमकी उलट असते. क्षेत्र मोठे, वाड्या पांगलेल्या, डोंगराच्या निरनिराळ्या सोंडांवर बसलेल्या, आणि माणसे थोडी. प्रत्येक वाडीस वेगळी नळवाहिनी, वेगळी पायवाट, वेगळी विहीर लागते. दरडोई खर्च वाढतो आणि अनुदान मात्र डोकी मोजून येते. सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचंड पाऊस पडूनही पायथ्याच्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, यामागे भूस्तराचे कारण आहे तसेच हे अर्थकारणही आहे.

खासदार निधीविषयी लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडलेला बरा. ही योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी सुरू झाली. २०११-१२ पासून प्रत्येक खासदारास वार्षिक ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचविता येतात. २०२० मध्ये महासाथीमुळे ती स्थगित झाली व नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. रायगड लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत : पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड ही रायगड जिल्ह्यातील, तर दापोली व गुहागर ही रत्नागिरीतील. समान वाटणी धरली तर महाड विधानसभा क्षेत्राच्या वाट्यास वर्षाला सुमारे ८३ लाख रुपये येतात, आणि या क्षेत्रात महाड व पोलादपूर हे दोन तालुके येऊन शिवाय माणगावचा काही भागही येतो. एवढ्यात एखाददुसरे सभागृह, काही पायवाटा, एखादा साकव होऊ शकेल. दरडीपासून गाव वाचविण्याचे काम यातून होणार नाही. शिवाय खासदार केवळ शिफारस करतात; मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. जागा सार्वजनिक नसेल तर शिफारसपत्र फायलीतच राहते.

रस्त्याचा निकष

निकषांचा प्रश्न खरा उलगडतो तो प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या या योजनेने सपाट प्रदेशातील ५०० व त्याहून अधिक लोकसंख्येच्या आणि डोंगरी, आदिवासी व वाळवंटी प्रदेशांतील २५० व त्याहून अधिक लोकसंख्येच्या, रस्त्याने न जोडलेल्या वस्त्या पात्र ठरविल्या. वाचणाऱ्यास वाटेल की पोलादपूर अर्थातच दुसऱ्या वर्गात मोडत असेल. प्रतापगडाच्या पायथ्याचा, सावित्रीच्या उगमाकडील, घाटरस्त्यांनी वेढलेला तालुका डोंगरी नाही तर कोणता? परंतु योजनेच्या परिभाषेत ‘डोंगरी’ म्हणजे ईशान्येकडील व हिमालयीन राज्ये. आदिवासी म्हणजे पाचव्या अनुसूचीतील क्षेत्र. रायगड जिल्ह्यात तसे क्षेत्र नाही. परिणामी सह्याद्रीचा हा उतार दिल्लीच्या कागदावर सपाट ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या योजनेच्या चौथ्या टप्प्यातही ५०० आणि २५० हीच विभागणी आहे आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरावयाची आहे.

या एका शब्दाचे परिणाम दूरवर पोहोचतात. मूळ मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५०० मीटर त्रिज्येतील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. डोंगरी भागात मात्र पायवाटेने दीड किलोमीटरपर्यंतच्या वस्त्या एकत्र धरण्याची मुभा आहे. आपल्याकडील तीन वाड्या एकमेकींपासून किलोमीटरभर अंतरावर असतील तर पहिल्या नियमाने त्या तीन अपात्र वस्त्या ठरतात, दुसऱ्या नियमाने एक पात्र वस्ती. जमीन तीच, माणसे तीच.

त्यातच लोकसंख्येचा आणखी एक पेच आहे. या तालुक्यांतील कर्ती माणसे मुंबई, ठाणे, पुणे व सुरतेकडे नोकरीस असतात. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि ती नेहमीच्या वास्तव्याच्या जागी माणूस मोजते. गणपतीत आणि शिमग्यात भरून जाणारे घर फेब्रुवारीत दोन म्हाताऱ्या माणसांचे असते. चाकरमान्यांनी वर्गणी काढून मंदिराचा जीर्णोद्धार केला, शाळेला पत्रे दिले, तरी वस्तीच्या लोकसंख्येत त्यांची भर पडत नाही. रस्ता नाही म्हणून गाव सुटते आणि गाव सुटले म्हणून रस्ता मिळत नाही, हे चक्र निकषांतच दडलेले आहे.

तरीही सर्व दारे बंद आहेत असे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात विशेष असुरक्षित आदिम जमातींच्या १०० व अधिक लोकसंख्येच्या वस्त्यांना रस्त्यासाठी पात्र मानले गेले. कातकरी ही अशी जमात आहे आणि या दोन्ही तालुक्यांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. त्यामुळे एकाच डोंगरावर कातकरीवाडी पात्र आणि पलीकडची धनगरवाडी अपात्र, असे चित्र संभवते. यात कातकरी समाजावर मेहेरबानी झाली असे कोणी समजू नये. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सोयीवर कोणाचा हक्क, हा प्रश्न महाडला नवा नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला तो सार्वजनिक निधीतून बांधलेल्या व राखलेल्या पाणवठ्यांविषयीच होता आणि २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर त्याचीच अंमलबजावणी डॉ. आंबेडकरांना स्वतः करून घ्यावी लागली. शंका अभियानाच्या १०० या आकड्याविषयी नाही. तो आकडा मानवी गरज ओळखतो. ५०० चा आकडा ती ओळखत नाही, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

दरडीपुढे तोच डोंगर

आता याच भूप्रदेशाकडे दुसऱ्या खात्याच्या नजरेने पाहू. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक बळी गेले. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी व केवनाळे येथेही जीवितहानी झाली. त्या अतिवृष्टीत महाबळेश्वर येथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि खाली महाड शहर पुरात बुडाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पंधरा राज्यांसाठी १,००० कोटी रुपयांचा राष्ट्रीय दरड जोखीम सौम्यीकरण प्रकल्प मंजूर केला. त्यात उत्तराखंड व हिमाचल प्रदेश यांना प्रत्येकी १३९ कोटी रुपये आणि महाराष्ट्राला १०० कोटी रुपये ठेवण्यात आले. म्हणजे दरड कोसळण्यापुरता सह्याद्री हिमालयाच्या पंक्तीला बसतो आणि रस्ता मागण्याची वेळ आली की सपाट होतो. ही विसंगती केवळ शाब्दिक नाही, कारण दरडीच्या रात्री मदत पोहोचते ती रस्त्यानेच. तळियेला बचाव पथके वेळेवर पोहोचू शकली नाहीत याचे एक कारण पाण्याखाली गेलेले व दरडींनी अडलेले रस्ते हेच होते.

अर्जदाराने या विसंगतीचा उपयोग करून घेतला पाहिजे असे मला वाटते. वाडीच्या रस्त्याची मागणी केवळ दळणवळणाची म्हणून न करता आपत्कालीन निर्गमनमार्ग म्हणून करावी. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतील २० टक्के भाग सौम्यीकरणासाठी राखून ठेवला होता, म्हणजेच आपत्ती येण्यापूर्वी खर्च करण्यासाठी. या निधीकडे प्रस्ताव जातो तो जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत. त्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या दरडप्रवणता नकाशाचा आधार जोडला तर त्याचे स्वरूप विनंतीपत्राचे न राहता तांत्रिक टिपणाचे होते.

अर्जाच्या आधीचे काम

अनुभवी ग्रामसेवक सांगतात ते खरे आहे : अर्ज शेवटी लिहावयाचा असतो. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर वित्त आयोगाचा रुपयाही त्यावर टाकता येत नाही. रस्ता जिल्हा ग्रामीण रस्ते आराखड्यात नसेल तर ग्रामसडक योजनेच्या यादीत तो शिरू शकत नाही. ग्रामसडक योजनेत भूसंपादनासाठी केंद्र पैसा देत नाही. जमीन आधी मोकळी असावी लागते आणि त्यासाठी शिवारफेरी काढून खातेदारांची संमती घ्यावी लागते. येथे भाऊबंदकीत अडलेल्या सात-बाऱ्यांचा अडथळा निधीच्या अभावाइतकाच मोठा ठरतो.

वनजमिनीचा प्रश्नही असाच आहे. ‘वनखाते आडवे आले’ असे म्हणून अनेक कामे सोडून दिली जातात. वस्तुतः २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये रस्ते, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याच्या टाक्या व नळवाहिन्या अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे न तोडता, वनजमीन वळविण्याची तरतूद आहे. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. ही तरतूद ठाऊक असलेली ग्रामसभा आणि ठाऊक नसलेली ग्रामसभा यांत पाच-दहा वर्षांचे अंतर पडू शकते.

अमेरिकेत काँग्रेसच्या सदस्यांनी स्थानिक कामांसाठी केलेल्या निधीच्या मागण्या २०११ पासून बंद होत्या. २०२१ मध्ये ती प्रथा पुन्हा सुरू करताना प्रत्येक मागणी सदस्याने जाहीर प्रसिद्ध करावी आणि तीत आपला आर्थिक हितसंबंध नसल्याचे प्रमाणित करावे, अशी अट घालण्यात आली. आपल्याकडे कोणत्या वाडीची मागणी कोणी कोठे पाठविली आणि ती कोणत्या निकषावर नाकारली गेली, हे गावाला बहुधा कळत नाही. नकाराचे कारण लेखी मागून घेणे ही म्हणूनच पुढच्या अर्जाची पहिली पायरी आहे. ‘लोकसंख्या अपुरी’ असा शेरा असेल तर वस्ती एकत्रीकरणाचा पर्याय तपासावा; ‘जागा उपलब्ध नाही’ असा असेल तर काम तलाठ्याकडे आहे, दिल्लीत नाही.

महाविद्यालयाचा वाटा येथे सुरू होतो. जनगणना महसुली गावाचा आकडा देते, वाडीचा देत नाही. वाडीची लोकसंख्या, दोन वाड्यांमधील पायवाटेचे मोजलेले अंतर, पावसाळ्यात संपर्क तुटलेल्या दिवसांची नोंद, हंगामी स्थलांतराचे प्रमाण ही माहिती कोणत्याही कार्यालयात सलग उपलब्ध नसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका निवासी शिबिरात भूगोल व अर्थशास्त्र विभागांचे विद्यार्थी ती गोळा करू शकतात. शिबिरात बांधलेला वनराई बंधारा पुढच्या पावसात वाहून जातो. मोजलेले अंतर वाहून जात नाही. पुढील जनगणनेची लोकसंख्या गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हावयाची आहे आणि त्यानंतरच्या योजना तिच्याच आकड्यांवर बेतल्या जातील. त्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतील वाड्यांची नावनिशीवार यादी व नकाशा तयार करून पंचायत समितीकडे सादर करणे शक्य आहे. वस्ती एकत्रीकरणाचा दीड किलोमीटरचा नियम पश्चिम घाटातील तालुक्यांनाही लागू करावा, अशी मागणी राज्य शासनामार्फत केंद्राकडे न्यावयाची झाल्यास तिच्यासोबत जोडावयाचा पहिला कागद तोच असेल.