विश्लेषण : ऑटोपायलटने वाट बदलली, तर वैमानिक काय करतात?

दिल्ली-चेन्नई लोहमार्ग हिंगणघाटवरून जातो. नकाशावर ही दोन शहरे जोडणारी सरळ रेषा ओढली, तर तीही हिंगणघाटच्या जवळूनच जाते. रेल्वेला वाट दाखवायला रूळ असतात. विमानाची वाट मात्र संगणकात भरलेल्या बिंदूंवर ठरते. तिथेच गडबड झाली तर?

ऑटोपायलट काय करतो?

उड्डाणाआधी वैमानिक मार्गावरील बिंदू उड्डाण-संगणकात भरतात. संगणक वाट ठरवतो आणि ऑटोपायलट विमान त्या वाटेवर ठेवतो. दिलेली माहिती बरोबर आहे का, याचा विचार तो स्वतः करत नाही.

चूक कशी घडते?

२० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियात काली शहराकडे उतरणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानात वैमानिकांना ‘रोझो’ हे दिशादर्शक केंद्र हवे होते. त्यांनी फक्त ‘आर’ हे अक्षर भरले. संगणकाने बोगोटाजवळचे ‘रोमिओ’ केंद्र निवडले आणि विमान डावीकडे वळले. चूक ध्यानात येईपर्यंत ते डोंगरांमध्ये शिरले होते. १६३ पैकी १५९ जणांचा मृत्यू झाला.

भारतात धोका कोणता?

आता चिंता आहे ती ‘जीपीएस स्पूफिंग’ची, म्हणजे उपग्रहाच्या नावाने पाठवलेल्या खोट्या संदेशांची. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात जीपीएसमध्ये अडथळ्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या, अशी माहिती नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिली. त्यातल्या बहुतेक अमृतसर व जम्मू परिसरातल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळही असे प्रकार घडले. त्यानंतर अशी घटना दहा मिनिटांत कळवण्याचे निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) दिले.

वैमानिक काय करतात?

क्रम ठरलेला असतो : आधी विमान सांभाळा, मग वाट शोधा, मग नियंत्रकांशी बोला. अनपेक्षित वळण दिसताच ऑटोपायलट कोणत्या पद्धतीवर चालतो आहे, हे पाहिले जाते. संगणकाची वाट सोडून ठरावीक दिशा धरली जाते. तरीही विमान ऐकत नसेल, तर सुकाणूवरील बटण दाबून ऑटोपायलट बंद केला जातो आणि विमान हाताने उडवले जाते. मग जमिनीवरील रेडिओ केंद्रे आणि विमानातील जडत्वीय यंत्रणा यांच्याशी जीपीएसचे स्थान ताडून पाहतात. नियंत्रक रडारवर पाहून दिशा सांगू शकतात.

सर्वात अवघड काय?

बटण दाबणे सोपे आहे. ते कधी दाबायचे, हे ओळखणे कठीण. खोट्या संदेशामुळे मोकळ्या आकाशातही ‘जमीन जवळ आहे’ असा इशारा वाजू शकतो. तो खोटा समजण्याची सवय लागली, तर खरा इशाराही दुर्लक्षित होण्याची भीती असते. म्हणूनच सिम्युलेटरवरील सराव आणि हाताने उडवण्याचे कौशल्य टिकवणे गरजेचे आहे. यंत्र कितीही हुशार झाले, तरी त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस जागा हवा.