जिभेखालचा पडदा : सुरी, वीज की लेसर?

आरशासमोर तोंड उघडून जिभेचे टोक टाळूला लावा. जिभेखाली मधोमध एक पातळ पडदा ताणलेला दिसेल. काही मुलांत तो जन्मतःच आखूड किंवा जाड असतो. मग जीभ पुरेशी वर उचलता येत नाही. तान्ह्या बाळाला दूध ओढणे जड जाते, तर एखाद्या मोठ्या मुलाला ‘र’, ‘ळ’ यांसारखे उच्चार. असा प्रत्येक पडदा कापावाच लागतो असे नाही. पण अडचण त्याच्यामुळेच असेल, तर तो छेद घेऊन मोकळा करतात. त्यासाठीची तीन साधने पाहू.

पहिले साधन सुरी. तिने कापताना ऊती भाजत नाहीत, म्हणून जखमेच्या कडा स्वच्छ राहतात. मात्र रक्त येते आणि मोठ्या मुलांत बहुधा टाके घालावे लागतात.

दुसरे साधन वीज. घरातील विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात, आणि तिचा झटका बसतो. शस्त्रक्रियेच्या यंत्रात ही आवर्तने लाखांच्या घरात असतात. इतक्या झपाट्याने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला मज्जातंतू प्रतिसाद देत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. बारीक टोकापाशी मात्र ऊती तापतात, छेद पडतो आणि लहान रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. १९२६ साली बॉस्टन येथे हार्वे कुशिंग या शल्यविशारदांनी विल्यम बोवी यांचे असे यंत्र वापरले होते.

तिसरे साधन लेसर. कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी तयार केला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे! या लेसरचे अदृश्य किरण पाणी चटकन शोषून घेते. मऊ ऊतींत पाणीच अधिक असल्याने त्याची वाफ होऊन छेद पडतो. रक्त कमी येते, टाके सहसा लागत नाहीत. पण यंत्र महाग असते आणि रुग्णासह सर्वांना डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा लागतो.

मग सर्वांत चांगले साधन कोणते? जी उष्णता रक्त थांबवते, तीच जखमेची कड भाजते. भाजलेली कड जितकी रुंद, तितकी जखम भरायला उशीर. तोंडातील संशयास्पद गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा असेल, तर उष्णतेने पेशींचे रूप बिघडते. तेथे जुनी सुरीच उपयोगी पडते. म्हणून डॉक्टर आधी रुग्ण पाहतात, मग साधन निवडतात.