संकल्प, एकवीस दिवस आणि पाणी येण्याचा वार

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शहरातल्या गोगाबाबा टेकडीवर पहाटे नवे चेहरे दिसतात. महिना सरता सरता नेहमीचीच माणसं उरतात. गळालेले लोक ‘आपल्यात जिद्दच नाही’ असं मनाला लावून घेतात, आणि मला वाईट वाटतं ते याचं. बहुतेकांची जिद्द कमी नसते. वर्षाचं नियोजन ज्या समजुतींवर उभं केलेलं असतं, त्याच कच्च्या असतात.

‘संकल्प मोडण्यासाठीच असतात’ ही त्यातली सगळ्यात पसरलेली समजूत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नववर्षाचा संकल्प केलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांनी सहा महिन्यांनंतरही तो टिकल्याचं सांगितलं. स्वतःत बदल हवा होता, पण संकल्प केला नव्हता, अशांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होतं. निम्म्याहून जास्त संकल्प मोडले हे खरंच. पण म्हणून ठरवूच नये, हे त्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत ऐकू येते. १९५३ मध्ये येल विद्यापीठातल्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपलं ध्येय लिहून ठेवलं होतं, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त भरली म्हणे. असा अभ्यास झालेलाच नाही. शोध घेऊनही येलला त्याचा मागमूस सापडला नाही. लिहिण्याचा उपयोग नाही असं नव्हे, पण काय लिहितो याला महत्त्व आहे. औरंगपुऱ्यातल्या स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या अभ्यासिकेत टेबलासमोर ‘क्लास वन’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. किती जागांची जाहिरात निघणार, हे त्या मुलाच्या हातात नाही. परीक्षेचं स्वरूपसुद्धा नाही: राज्यसेवा मुख्य परीक्षा बहुपर्यायीऐवजी वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२३ पासून लागू व्हायचा होता, तो विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०२५ वर गेला. आज रात्री जेवणानंतर एक उत्तर हाताने लिहून काढणं मात्र त्याच्या हातात आहे. चिठ्ठीवर हे लिहावं.

आता एकवीस दिवस. ‘एकवीस दिवस केलं की सवय लागते’ या वाक्याने फार माणसांना निराश केलंय, म्हणून इथे जरा थांबतो. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, हे त्यांचं निरीक्षण होतं. पुढे सांगणाऱ्यांनी त्यातलं ‘किमान’ गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, वाचन, बचत काहीही बसवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवं काम रोज करायला लावलं आणि त्याची नोंद ठेवली. ते काम आपोआप होऊ लागायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखाद्या दिवशी खाडा पडला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही, हेही त्यांना दिसलं.

माझा मावसभाऊ वाळूजच्या कारखान्यात कामाला आहे. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. त्याने भिंतीवर लिहिलं होतं, ‘रोज पहाटे साडेपाचला व्यायाम.’ नाईटच्या आठवड्यात साडेपाचला तो मशिनवर उभा असतो. ज्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी मोटर, टाकी, पिंप यात सकाळ जाते, आणि आमच्याकडे पाणी रोज येत नाही. महिन्यात तो स्वतःला आळशी म्हणू लागला. आम्ही बसून ते वाक्य बदललं: ‘झोपून उठलो की, चहाच्या आधी. पाणी आलं तर आधी टाकी, मग व्यायाम, मग चहा.’ जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर अशा ‘जर-तर’च्या योजनांवर अनेक वर्षं काम करत आलेत. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा अशी योजना ठळकपणे उपयोगी ठरली. घड्याळाऐवजी रोज घडणाऱ्या गोष्टीला काम बांधलं, की पाळी बदलली तरी ते सुटत नाही.

वेळेच्या अंदाजाबद्दलही एक भ्रम आहे. काळजीपूर्वक आखलं की काम वेळेत होतं, असं वाटतं. १९९४ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत संपेल म्हटलं. सगळं बिघडलं तरी ४८.६ दिवस धरले. लागले ५५.५. मोठ्या कामांचंही असंच होतं. जायकवाडीतून आमच्या शहरासाठी पाणी आणण्याच्या १,६८० कोटींच्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. मुदत उलटली आणि खर्च २,७४० कोटींवर गेला. म्हणून नव्या वर्षाचा तक्ता मांडताना मनातल्या अंदाजाआधी गेल्या वर्षीची डायरी उघडावी: तेच काम तेव्हा प्रत्यक्षात किती दिवस चाललं, तो आकडा घ्यावा.

आणि एक जानेवारी हुकली म्हणजे वर्ष गेलं, ही समजूत तर आपल्याकडे मुळीच शोभत नाही. ज्या शालिवाहन शकाचं नातं परंपरा आपल्या पैठणशी जोडते, तो चैत्रात सुरू होतो. सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिका १९५७ पासून २२ मार्चला वर्ष उघडते, लीप वर्षात २१ मार्चला. व्यापारी दिवाळीत वहीपूजन करतो, कंपनीचं टार्गेट एक एप्रिलला लागतं, शाळा जूनमध्ये भरते आणि शेतकऱ्याचं लक्ष मृगाकडे असतं. २०१४ मध्ये हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रिस यांनी दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, सत्राच्या आरंभी आणि वाढदिवसानंतरही लोक जिमकडे जास्त वळतात. नव्या आरंभाचं बळ एका तारखेपुरतं नाही.

मावसभावाच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं आहे. पाणी आलेल्या दिवसांवर वहिनी निळ्या पेनाने गोल करते, व्यायामाच्या दिवसांवर तो लाल फुली मारतो. त्याची पहिली फुली एक जानेवारीला नाही आणि पाडव्यालाही नाही. ती फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आहे, नाईट करून आल्यावर दुपारी दोनला तो झोपून उठला, त्या दिवशीची.