गेम नेमका कुठे अडखळतो?

सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. सरासरी ६० दिसली, तरी एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद रेंगाळली की झटका जाणवतो. म्हणून सरासरीऐवजी फ्रेमटाइमचा आलेख पाहा. झटका कधी बसतो, यावरून कारणाचा अंदाज येतो :

● नवे दृश्य पहिल्यांदा दिसताना, पुन्हा नाही : बहुधा शेडर तयार होत आहेत.
● टेक्श्चरचा दर्जा उतरवताच थांबतो : ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी.
● रिझोल्यूशन घटवूनही फरक नाही : प्रोसेसर किंवा रॅमवर संशय.
● बराच वेळ खेळल्यावर सुरू होतो : तापमान तपासा, पंख्यांतली धूळ काढा.
● नव्या भागात शिरताना दरवेळी : गेम हार्ड डिस्कवरून एसएसडीवर हलवून पाहा.

एका वेळी एकच सेटिंग बदला.